गुडघ्याची मंजुरी

तुम्ही एका बाईचं तोंड तिच्या पोटच्या लेकीकडून हुंगवलंत.

असं आम्ही कुठं लिहिलंय, असं म्हणाल. नाहीच लिहिलेलं. तुमच्या परिपत्रकात 'कौटुंबिक पडताळणी' असा धुतलेला, इस्त्री केलेला शब्द आहे. पण बार्शीत, जुन्या बाजारामागच्या दोन खोल्यांच्या घरात, चुलीवर भाकरी फुगत असताना, केतकी नावाची तुमची नोकर पोरगी आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तोंड उघड."

सुवर्णा कोथमिरे हातातलं पीठ झटकत वर बघायला लागली. "कशाला?"

"उघड ना."

"दात मोजतीस का? बाजारातला बैल हाय का मी?"

"तुझा आकडा अजून उतरत नाही. मला बघून कळवायला सांगितलंय."

सुवर्णानं लेकीच्या अंगावरच्या हिरव्या जाकिटाकडं पाहिलं. खिशावर पान काढलेलं, त्याखाली तुमची घोषणा: ताट हिरवं, अंग गार. मग तिनं तोंड उघडलं. केतकी वाकली. मेथीचा वास, लसणाचा वास, भाजलेल्या जवसाचा वास. दुसरं काही नाही. केतकी सरळ झाली आणि मान फिरवून भिंतीकडं बघत म्हणाली, "काही नाही."

"काय न्हाई? वास न्हाई का लाज न्हाई?"

तव्यावरची भाकरी करपली. ती सुवर्णानं तशीच खाल्ली.

आता नीट सांगायला हवं, कारण यातलं विज्ञान खोटं नाही. विज्ञान खरं आहे आणि म्हणूनच राग जास्त येतो.

माणसाच्या अंगावर चरबी वाढते तेव्हा ती नुसती गप पडून राहत नाही. चरबीच्या पेशी फुगतात, फुगता फुगता त्यांच्यापर्यंत प्राणवायू धड पोचत नाही, काही तिथंच मरतात. मेलेलं उचलायला शरीराचे शिपाई धावतात. ते येतात, ठाण मांडतात आणि ओरडत सुटतात. हे ओरडणं म्हणजे रक्तात सोडलेली रसायनं. ती ऐकून यकृत आणखी रसायनं सोडतं. ताप नाही, फोड नाही, पण आत सतत धुमसतंय. भुशाच्या ढिगात विस्तव पडल्यासारखं. धूर दिसत नाही, ढीग मात्र आतून जळत राहतो. ह्यालाच दाह म्हणायचं. साखर, हृदय, सांधे, सगळ्यांना त्याची झळ लागते.

भाज्या, कडधान्यं, भरड धान्यं खाल्ली की हा विस्तव थोडा निवतो, हेही खरं. त्यातला चोथा आपल्याला पचत नाही, आतड्यातल्या जंतूंना पचतो. ते तो आंबवून अशी काही द्रव्यं बनवतात की ओरडणारे शिपाई जरा शांत होतात. जाड माणसांवर प्रयोग झाले, सरासरी काढली, सरासरी खाली आली. किती? थोडी. कुणाची बरीच, कुणाची काहीच नाही. प्रामाणिक संशोधकांनी तसंच लिहिलं होतं, 'थोडी'.

मग टिकली आली. कपाळावरच्या टिकलीएवढीच, दंडावर चिकटवायची. तिच्या पोटात केसापेक्षा बारीक सुया. त्या कातडीखालच्या पाण्यातून ही ओरडणारी रसायनं मोजायच्या आणि एकच आकडा तुमच्या कचेरीत पाठवायच्या, रात्रंदिवस. यंत्र उत्तम होतं. जे मोजायचं ते चोख मोजायचं.

पण दाह चरबीतूनच येतो असं थोडंच आहे? हिरडी सडली तरी येतो, झोप मोडली तरी येतो, झिजून सुजलेल्या गुडघ्यातून तर सरळच येतो. टिकलीला फक्त दाह दिसतो. तो कुठून आला हे तिला कळत नाही, आणि माणसानं काल काय खाल्लं हे तर मुळीच कळत नाही.

तुम्ही मात्र तिला ताटातलं विचारलंत.

'शीतल काया' योजना जाहीर झाली तेव्हा सुवर्णानंही टाळ्या वाजवल्या होत्या. जाड माणसाला गुडघा, खुबा, हर्निया, काहीही करून घ्यायचं असेल तर आधी दाह उतरवा, म्हणजे जखम चांगली भरेल, गुडघा फुकट बसवू. ऐकायला बरं होतं. अट एवढीच: मांस, अंडी, दूध बंद, आणि चाळीस दिवसांत आकडा निम्म्यावर आला पाहिजे. निम्माच का? तर आमच्या चाचणीत निम्म्याहून खाली आला होता म्हणून. मग त्यातून तुम्ही पुढचं काढलंत. जो झाडपाला खातो त्याचा निम्मा होतो; ज्याचा निम्मा झाला नाही त्यानं झाडपाला खाल्ला नाही; म्हणजे तो चोरून खातो. इतकं सरळ, की कुणाला वाकडं वाटलंच नाही.

तीन संधी. तिन्ही हुकल्या की 'असहकारी' शिक्का आणि पाच वर्षं दार बंद.

सुवर्णाचं मटणाचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तिनं सत्तूर हातात घेतला आणि ओंडक्यापाशी उभी राहिली ती उभीच. हे काम बसून होत नाही. वरून घाव घालायचा तर कंबर आणि गुडघे दोन्ही लागतात. बोकडाचा सांधा रोज तिच्या हाताखालून जायचा. टोकावरची ती पांढरी, गुळगुळीत, काचेसारखी कूर्चा तिनं हजारदा पाहिलेली. डॉक्टरांनी तिच्याच गुडघ्याचा फोटो दाखवला तेव्हा ती म्हणाली होती, "ह्याच्यावरचं पांढरं कुठं गेलं हो?" डॉक्टर म्हणाले, "संपलं." हाडावर हाड घासत होतं. आता दुकानात ती एक हात ओंडक्यावर टेकून, एका पायावर भार घेऊन, दातओठ खात घाव घालायची. पाय आणखी वर्षभर असाच राहिला तर दुकान बंद, हे तिला ठाऊक होतं आणि गिऱ्हाइकांनाही.

तुमच्या नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस पहिल्याच दिवशी हसला होता. "आडनाव कोथमिरे, धंदा मटणाचा! बाई, आधी ठरवा काय ते."

"विकते मी, साहेब. सोनार काय सोनं खातो?"

तो पुन्हा हसला आणि तिच्या नावापुढं लाल खूण केली. जोखीम जास्त. त्या दिवसापासून ती तुमच्यासाठी चोर होती. पकडायचीच काय ती बाकी होती.

तिनं खरंच सोडलं. चिमूटभरही नाही. सकाळी ज्वारीची भाकरी, मेथी नाहीतर अंबाडी, हुलग्याचं माडगं, मटकी, शेंगदाण्याची चटणी. चहा गुळाचा, बिनदुधाचा. तिचं वजन उतरलं, साखर ताळ्यावर आली, पायऱ्या चढताना लागायची ती धाप गेली. भाजीनं तिचं भलं केलं. हे ती आजही म्हणते. टिकलीवरचा आकडाही चाळिसावरून बत्तिसावर आला. पाचवा हिस्सा कमी, म्हणजे प्रामाणिक संशोधकांनी सांगितला होता तेवढाच, 'थोडा'.

तुम्हाला वीस हवा होता.

पहिल्यांदा हुकला तेव्हा केतकी म्हणाली, "होतं आई, पुढच्या वेळी."

दुसऱ्यांदा हुकला त्या आठवड्यात सुवर्णा दुकानातून आली तर घरातलं फ्रिज उघडं, डबे खाली काढलेले, आणि केतकी गुडघ्यावर बसून मसाल्याच्या डब्यामागं हात घालत होती.

"काय हरवलं गं?"

"आई, खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही. दुकानात, कलेजी वगैरे... भाजून..."

"शपथ घालू?"

"यंत्र खोटं बोलत नाही आई!"

"आणि मी बोलते?"

केतकी डबे परत लावायला लागली. तिचीही बाजू होती, सांगायला हवी. ती 'आहारमित्र' होती. शंभर घरांची जबाबदारी, आणि तिच्या यादीतलं सगळ्यात वाईट घर तिचं स्वतःचं. दर बैठकीत पडद्यावर आईचं नाव. साहेब म्हणायचे, "दिव्याखाली अंधार, काय केतकी?" सगळे हसायचे. प्रशिक्षणात त्यांना शिकवलं होतं, की हुकणाऱ्यांत बायका फार, आणि त्याचं कारण साधं आहे: बायका स्वयंपाक करता करता चाखतात. छापून दिलं होतं तसं. चित्र पण होतं, पळी तोंडाला लावलेल्या बाईचं.

ह्या राज्यातल्या लाखो बायकांना तुम्ही त्या पळीवर फाशी दिलीत.

तिसऱ्या खेपेला तोंड हुंगून झालं, तरी आकडा बत्तिसावरच राहिला. शनिवारी निकाल आला. रविवारी सकाळी केतकी हिरव्या जाकिटातच दुकानावर आली. गिऱ्हाइकांची गर्दी होती. सुवर्णा ओंडक्याला टेकून घाव घालत होती.

"आई, दुकान बंद करून टाक," केतकी हळू आवाजात म्हणाली. "मी अर्ज करते, की मोहापासून दूर राहण्यासाठी तिनं व्यवसाय सोडला. कदाचित चौथी संधी देतील."

"आणि खायचं काय? तुझं पान?" सुवर्णानं सत्तूर तिच्या खिशावरच्या चित्राकडं रोखला. रांगेतले दोघेतिघे हसले.

तेवढ्यात रांग मोडून अंकुशतात्या डोईफोडे पुढं आले. अंकुशतात्यांना सगळी बार्शी ओळखते. तुमच्याच पोस्टरवर आहेत ते. एस.टी. स्टँडवर, दवाखान्यात, शाळेच्या भिंतीवर, हातात गवारीची जुडी आणि खाली मोठ्या अक्षरात, 'दाह ६१ टक्के खाली!' पहिल्या चाचणीचे ते नामवंत पेशंट. नवा गुडघा बसून दोन वर्षं झाली होती. चालत आले ते नवरदेवासारखे.

"सुवर्णा, एक किलो दे. नळ्या दोन टाक, आणि चाप जरा बरे बघून."

"तात्या, पोस्टरवर तर गवार धरून हुबं हायसा!"

"पोस्टर पोस्टरच्या जागी. आता गुडघा बसला, तो काय काढून नेत्यात व्हय?" तात्या मोठ्यानं हसले. मग त्यांना हिरवं जाकीट दिसलं आणि हसू अर्ध्यावर थांबलं. "आगं बया. ही तुझीच लेक न्हवं का? ऱ्हाऊ दे मग. कोबी घेतो कुठंतरी."

"घ्या हो तात्या, ती काय करत न्हाई," सुवर्णा म्हणाली. "मला एवढं सांगा, तुमचा एवढा उतरला कसा? मी वर्स झालं पाला खातीय, माझा जागचा हलंना."

"अगं, उतरला कसा काय विचारतीस? चढलाच एवढा व्हता की उतरण्याबिगर त्याला वाटच न्हवती!" तात्यांना श्रोते मिळाले. ते रांगेकडं वळले. "टिकली लावली कवा आम्हाला? गटारीच्या दुपारी! कंपनीची पोरं आली ती दिल्लीकडची. श्रावणात हिकडं लोक आपणहून मटण सोडत्यात, म्हणजे नियम मोडणारी कमी, म्हणून श्रावण धरला त्यांनी. हुशार पोरं. म्हणली, आजचा दिवस नेहमीसारखं खावा प्यावा, उद्यापासून बंद. आता गटारीला नेहमीसारखं म्हणजे काय, तुम्हीच सांगा!"

रांगेत खसखस पिकली.

"वस्तीवर अख्खं बोकड पाडलं. पिण्याची तर मोजदादच न्हाई. मी दुसऱ्या दिवशी उठलो ते म्हशीच्या गव्हाणीत. डोळं हे एवढालं सुजल्यालं. तसंच आकडं घ्यायला नेलं आम्हाला. शंभरातली ऐंशी गडी माणसं, सगळी त्याच मापाची. त्यातलं एक पोरगं आकडं बघून दुसऱ्याला म्हणतंय कसं, 'यार, इधर का नॉर्मल बहुत ऊपर है!'"

अख्खं दुकान हसलं. सुवर्णाही हसली. एकटी केतकी हसली नाही. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"तात्या," ती म्हणाली, "तोच आकडा पहिला धरला? त्या सकाळचा?"

"मग? तिथनंच तर एकसष्ट टक्के. श्रावणभर दारू न्हाई, तंबाखू न्हाई, जागरण न्हाई. बायको म्हणली, लग्नानंतर पहिल्यांदा माणसात आलायसा."

तात्या मटण घेऊन गेले. केतकी तिथंच उभी राहिली. मग ओंडक्याच्या पलीकडून, आईकडं न बघता बोलायला लागली.

"आई, निम्म्याचा नियम तिथून आलाय. त्यांनी मोजलं ते भाजीमुळं किती उतरलं हे नाही. गटारी उतरल्यावर किती उतरलं, ते मोजलं. तेच माप सगळ्या राज्याला लावलंय. ज्यानं चढवलंच नाही त्यानं निम्म्यावर आणायचं कुठून?"

"गटारीला मी हितं हुबी असते," सुवर्णा सावकाश म्हणाली. "गावाला तोडून देत. घरी जाऊन पेज पिऊन झोपते."

"हो."

"आणि बाकीच्या बायका?"

"त्या तळून देतात. मग नवऱ्यांना उचलून आत नेतात." केतकीचा आवाज फाटला. "म्हणून बायका हुकतात. पळी चाटतात म्हणून नाही."

"म्हंजी मी खोटं बोलत न्हवते."

"नाही."

"आणि सुजल्याला गुडघा टिकलीला आकडा देतोय, आणि आकडा हाय म्हणून गुडघा मिळंना."

"हो, आई."

सुवर्णानं सत्तूर ओंडक्यात रोवला. केतकीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं. ती जवळ यायला निघाली, पण सुवर्णानं हात वर करून तिला थांबवलं.

"माफीचं मागनं बघू. ते एवढ्यात जमायचं न्हाई मला. आधी सोलापूरच्या गाडीचं बघ."

सोलापूरला तुमची कचेरी आहे. काचेची, गार, हिरव्या रंगाची. बाहेरच्या दालनात शंभरेक खुर्च्या आणि त्यावर बहुतेक बायका. जाड, दमलेल्या, मांडीवर फाईल. सुवर्णाच्या शेजारी वैरागच्या लतिका वाघमोडे बसल्या होत्या. प्राथमिक शाळेत शिकवायच्या, खुबा गेलेला, त्याही तिसऱ्यांदा हुकलेल्या.

"घरी मानतात का हो तुमचं?" लतिकाबाईंनी विचारलं.

"आता मानत्यात."

"नशीब. माझ्या पोरानं स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप घातलंय. सून किल्ली कमरेला लावून फिरते. बत्तीस वर्षं ज्याला खाऊ घातलं तो म्हणतो, आई, तुझ्या भल्यासाठीच." त्या हसल्या. "मलाच वाटायला लागलंय हो कधी कधी, झोपेत उठून खात असेन."

तेवढ्यात आतून हाक आली.

विभागीय संचालक डॉ. पंकज होनराव मवाळ माणूस. त्यांनी दोघींना बसवलं, पाणी मागवलं, केतकीचं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर उठून दार लावलं आणि परत येऊन बसले. ते दार लावणं बघूनच सुवर्णाला कळलं, की ह्या माणसाला हे आज कळलेलं नाही.

"केतकी, तू आपली माणूस आहेस," ते म्हणाले. "म्हणून मोकळं बोलतो. पहिल्या मापात त्रुटी होती. दुसऱ्या वर्षी आमच्या लक्षात आली. पुढच्या सुधारणेत ती दुरुस्त होणारच आहे."

"पुढच्या म्हणजे कधी, सर?"

"प्रक्रिया असते. चाळीस लाख लोक या मापावर तपासून झालेत. आता उठून म्हणायचं की माप चुकलं? उद्या लोक काय म्हणतील? सगळंच खोटं. भाजीही खोटी, कडधान्यंही खोटी. परत वडापाव, परत दारू. जे चांगलं चाललंय तेही बुडेल. बाई, तुम्हालाही भाजीचा फायदा झालाच ना?"

"झाला की," सुवर्णा म्हणाली. "भाजी खरी हाय, साहेब. तुम्ही खोटे हायसा. ती दोन्ही एका टोपलीत घालू नका."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमचा राग समजतो. चूक त्या कंपनीच्या मुलांची. बाहेरची पोरं, त्यांना इथलं काय ठाऊक?"

"तुम्ही कुठले?" सुवर्णानं विचारलं.

"मी? करमाळ्याचा."

"चाचणीवर देखरेख कुणाची होती?"

"तेव्हा माझ्याकडं प्रशासकीय जबाबदारी होती. तांत्रिक बाबी..." ते थांबले, त्यांनी एक कागद पुढं ओढला आणि आवाज आणखी मऊ केला. "हे बघा. तुमची केस मी विशेष बाब म्हणून आत्ता मंजूर करतो. येत्या मंगळवारी शस्त्रक्रिया. चांगला सर्जन देतो. केतकीचीही बढती अडलीये, तीही बघतो. फक्त हे गटारी वगैरे बाहेर नको. दुकानातल्या गप्पा त्या. काय?"

सह्या करून कागद त्यांनी टेबलावरून सरकवला.

खरं सांगायचं तर सुवर्णाला तो कागद हवा होता. नको होता असं म्हणणारा एकतर संत असेल नाहीतर धडधाकट. मंगळवारी गुडघा. दिवाळीला दोन्ही पायांवर उभं राहून घाव घालायचा. जिना चढताना कठड्याला लोंबकळायचं नाही. संडासात बसल्यावर लेकीला हाक मारायची नाही. तिचा हात आपोआप पुढं गेला. कागदाचा गारवा तिच्या बोटांना लागला.

"आई, घे," केतकी कानात म्हणाली. "तू घे. बाकीचं मी नंतर करीन. शप्पथ. आधी तू उभी राहा."

"नंतर तू काय करशील?"

"काहीतरी."

"बढती झाल्यावर?"

दाराला काचेची एक उभी पट्टी होती. तीतून बाहेरच्या खुर्च्या दिसत होत्या. लतिकाबाई पर्समधून चार फुटाणे काढून खात होत्या. एकेक, तोंडावर पदर धरून, आजूबाजूला बघत. फुटाणे! तुमच्याच हिरव्या यादीत पहिल्या ओळीवर असलेले फुटाणे ती बाई चोरून खात होती.

सुवर्णानं कागदावरचा हात काढून घेतला.

"केतके, दार उघड."

"दार राहू द्या," साहेब पटकन म्हणाले. "आपलं बोलणं खासगी आहे."

"माझं तोंड खासगी न्हवतं व्हय? माझं फ्रिज? तिकडं त्या बाईचं कपाट?" सुवर्णाचा आवाज चढला. "उघड म्हणते ना!"

केतकी उभी राहिली. साहेब तिच्याकडं बघत म्हणाले, "केतकी, विचार कर. जाकीट अंगात आहे तुझ्या."

केतकीनं विचार केला. फार नाही केला. जाकिटाची चेन खाली ओढली, ते खुर्चीच्या पाठीवर टाकलं, आणि जाऊन दार भिंतीला आपटेपर्यंत उघडलं. बाहेरच्या शंभर माना एकदम आत वळल्या.

"बाई, तुम्ही आता बाहेर चला," साहेब म्हणाले. "रक्षकाला बोलवायला लावू नका."

"बोलवा. मी उठणार न्हाई. तसंही मला धड उठता येत न्हाई, ते तुमच्या कागदावर हायच." सुवर्णानं खुर्ची अर्धी वळवली, दारातून सगळ्यांना दिसेल अशी. "बायांनो, जवळ या. लतिकाबाई, तुम्ही पुढं या. फुटाणं हातात असू द्या, लपवू नका. साहेब आपल्याला एक सांगणार हायत."

खुर्च्या सरकल्या. काठ्या टेकत, कठडा धरत, एकमेकींचा दंड पकडत बायका दारात जमल्या. मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं गं?" पुढची म्हणाली, "थांब, ऐकू दे."

सुवर्णा साहेबांकडं वळली.

"निम्म्याचं माप गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धरलं. तर्र झालेल्या गड्यांचं माप आणि ते लावलं आम्हाला. त्या दिल्लीच्या पोरांना गटारी ठाऊक न्हवती, मान्य. तुम्ही करमाळ्याचे. तुम्हाला ठाऊक होती का न्हवती? प्रक्रिया सांगू नका, कंपनी सांगू नका, भाजीच्या आड लपू नका. होती का न्हवती, एवढंच, आणि मोठ्यानं. मागं दाराबाहेर 'काय झालं' इचारणारी बाई हुबी हाय, तिला ऐकू जाईल असं. बोला."